कापसाचे साहेब

आमच्या बोळाच्या तोंडाशी दुकान असलेल्या गादीवालीने उभ्या आयुष्यात कुणाविरुद्ध घोषणा दिली नव्हती. नवरा गेल्यावर तिने दुकान अंगावर घेतलं आणि सासऱ्यांनी शिकवलेल्या लांब सुईवर लेकीचं शिक्षण केलं. लेक मात्र आंदोलनात पडली. पाणीखात्याने आमच्या भागातले नवे नळ फक्त कागदावर टाकले होते. खात्याच्या साहेबांचे हात ओले केल्याशिवाय तिथे साधा अर्ज पुढे सरकत नव्हता.

मोर्चात साहेबांचा पुतळा जाळायचं ठरलं. तो करायचं काम लेकीने आईच्या गळ्यात घातलं. जुन्या चिंध्या भरून दे, म्हणाली. आईने नवा कापूस पिंजायला घेतला.

"अगं आई, जाळायचाच आहे तो."

"म्हणून काय बसका करू?"

पुतळा उतरला तो थेट साहेब. तेच पोट, तशीच किंचित पुढे आलेली मान. पाठीला गादीचे टाके घातल्यामुळे तो टेकू न देता ताठ बसायचा. मोर्चातून नेताना दोन दुकानदारांनी सवयीने त्याला नमस्कार केला.

चौकात काडी ओढायच्या आतच पोलिसांनी पुतळा उचलला. हवालदाराने पंचनाम्यात 'साहेब, एक नग' असं लिहिलं आणि पंचाईत झाली. जप्त साहेब ठेवायचे कुठे? शेवटी त्याने ते जीपमधून पाणीखात्यात पोहोचवले आणि पोच घेतली. खरे साहेब मोर्चाच्या धास्तीने आजारपणाच्या रजेवर होते. तिथल्या शिपायाला साहेबांची तेवढी एक खुर्ची रिकामी दिसली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क फायली घेऊन आत गेले. प्रत्येक फाईल पुढे धरून त्यांनी काही हरकत आहे का, असं अदबीने विचारलं. साहेब बोलले नाहीत. हरकत नसेल तर शिक्का मारायचा, असा नियम जुनाच होता. आजवर साहेबांची हरकत कधी संपली नव्हती, एवढंच. दुपारपर्यंत टेबल मोकळं झालं. थोड्याच दिवसांत आमच्या बोळात खोदकाम सुरू झालं.

खरे साहेब परतले, तर लोकांनी त्यांना रांगेत उभं केलं. ते हेडक्लार्कवर डाफरले. हेडक्लार्कने नम्रपणे अर्ज करायला सांगितलं. बाहेर लेकीची माणसं नव्या घोषणा देत होती: कापसाचे साहेब कायम करा.

मग एका दुपारी साहेब स्वतः दुकानात आले आणि अर्धवट शिवलेल्या गादीच्या कडेवर टेकले. चेहरा उतरला होता, शर्ट सैल झाला होता.

"बाई, त्याला जरा बिघडवता येईल का? मान वाकडी करा. नाहीतर निदान एक हात तरी पुढे काढा."

गादीवालीला त्यांची दया आली. पण केलेलं काम बिघडवायला तिचा हात धजेना. तसं तिने सांगितलं आणि चहा पुढे ठेवला. साहेब बराच वेळ बसून राहिले. त्यांची कुठेच कुणी वाट पाहत नव्हतं.

पुढे चौकशी लागली, कागदावरचे नळ सापडले आणि साहेब निलंबित झाले. त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्यांनी पुतळ्याला उचलून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः खुर्चीत बसल्या. पहिले काही दिवस लोक त्यांच्याशी बोलायचे, पण बघायचे पुतळ्याकडे. तरी फायली हलत राहिल्या आणि आमच्या नळाला पाणी आलं.

आंदोलन जिंकलं तशी आंदोलनाची समिती झाली. अध्यक्ष कोण, यावरून माणसं एकमेकांची तोंडं बघेनाशी झाली. एके दिवशी लेक दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. आईने काय झालं म्हणून विचारलं.

"समितीला एक पुतळा हवाय," ती खाली मान घालून म्हणाली. "तेवढ्या एकाच नावावर सगळ्यांचं एकमत झालं."

आईने सुई गादीत टोचून ठेवली.

"माणसं शिवणं बंद केलंय मी. खुर्ची काढून टाका. भिंतीपासून भिंतीपर्यंत एक गादी करून देते, सगळे खाली बसा."

तिने तशी गादी केली, आणि कापसात हात आखडता घेतला नाही. पहिल्याच बैठकीत ठराव वाचून व्हायच्या आत निम्मी समिती घोरायला लागली. लेक उठली आणि एकेकाला हलवून जागं करत सुटली.