डायलला लावलेलं हळदीकुंकू

घड्याळाची डायल बदलणं म्हणजे काय मोठंसं, असं ज्याला वाटतं त्याने एकदा स्वतःच्या घड्याळाची बदलून पाहावी आणि मग माझ्याकडे यावं. मी हसणार नाही, पण दोन शब्द सुनावीन जरूर.

नागपुरात हुडकेश्वरला आमच्या घराची पुढची खोली माझी आहे. तिथे खिडकीशी माझं टेबल, वर दिवा, बाजूला चिमटे आणि भिंगं. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शाळा सुटली की मी तिथेच. भावाला त्यात गोडी वाटली नाही, मला वाटली, म्हणून चिमटे माझ्याकडे आले. माझा हात चांगला आहे. कोणी सांगायची वाट पाहत बसले तर जन्म जाईल, म्हणून मीच सांगते. नवरा कोराडीच्या वीजकेंद्रात शिफ्टवर असतो, त्यामुळे दिवसा घरात आम्ही दोघीच, मी आणि सासूबाई.

इतकी वर्षं माझ्याकडे आली ती भिंतीवरची घड्याळं, नाहीतर सेल संपलेली, पट्टा तुटलेली. भारी स्विस घड्याळ कोणी माझ्या टेबलावर ठेवलं नव्हतं. अशी घड्याळं लोक मुंबईला पाठवतात. हुडकेश्वरच्या एका बाईच्या पुढच्या खोलीत ती कोण आणणार? मला हे खुपायचं. हातात कला आहे आणि ती दाखवायला घड्याळच नाही, याच्यासारखी चिडचिड नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात कळमन्याच्या फळबाजारातले एक संत्रा व्यापारी आले. धिप्पाड माणूस, आवाज थेट लिलावातला. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी टेबलावर ठेवलं तेव्हा मी आधी हात पुसले आणि मगच ते उचललं, जणू अशी घड्याळं रोजच येतात. घड्याळात पाणी जाऊन काळ्या डायलला फोड आले होते. मेव्हण्याने त्यांना त्याच मॉडेलची अस्सल पांढरी डायल बाहेरून मागवून दिली होती.

"शोरूमवाले मुंबईले धाडा म्हणते, ताई," ते म्हणाले. "पण मले घड्याळ डोळ्याआड नाही करायचं. तुमच्या हातानं होते का?"

"होते," मी म्हटलं.

"पाहा बरं. कळमन्यात आमच्या सगळ्यांच्या हातात असलेच घड्याळं आहेत. हे जमलं तं सारे इथंच येतीन. बिघडलं तं मी काय सांगू त्यायले?"

मी त्यांना परवा यायला सांगितलं. डायल तपासली. रुपेरी झाक असलेली पांढरी, कडेने सोनेरी खुणा. तिच्या पाठीला केसाएवढे दोन पाय असतात, ते यंत्राच्या दोन भोकांत बरोबर उतरावे लागतात. काही जण पाय जुळले नाहीत की सरळ कापून डायल चिकटवून टाकतात. माझ्या वडिलांनी असं काम कधी केलं नाही, मीही करत नाही. हे पाय तंतोतंत जुळत होते. सकाळी हात ताजा असतो, तेव्हाच बसवू, असं ठरवून मी डायल तिच्या पारदर्शक डबीत ठेवली आणि गिरणीतून दळण आणायला गेले.

परत आले, पिठाचा डबा खाली ठेवला, टेबलाकडे पाहिलं आणि तशीच धावले. डबी उघडी होती. डायलच्या मधोमध हळदीचं एक ओलं बोट टेकवलेलं होतं आणि त्यावर कुंकू.

आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लागतं. फ्रिजला लागलं, स्कूटरला लागलं, मिक्सरलाही लागलं. बोट पाण्यात बुडवून लावतात, म्हणजे नीट बसतं. ते या डायलवर किती नीट बसलं होतं ते मी भिंगातून पाहिलं आणि ओरडले, "आई!"

सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. "काय झालं वं? काहून ओरडून राहिली?"

"हे काय केलं तुम्ही?"

"नवीन वस्तू आली नं घरात. सोन्यावाणी चमकून राहिली होती. तशीच कशी ठेवाची?"

"अहो, ती आपली नाही! दुसऱ्याची आहे ती!"

"म्हून तं लावलं. दुसऱ्याची वस्तू, तुह्या हातून नीट व्हावी म्हणून."

मी काय काय बोलले ते आता लिहीत नाही. बरंच बोलले. त्या आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. मोलकरणीने घासलेलीच भांडी.

राग बाजूला ठेवून मी कामाला बसले. घड्याळं साफ करायची एक मऊ पुट्टी असते, तिने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. कुंकू वरवरच होतं, ते उचललं गेलं. हळदीचाही थर निघाला. पण खाली पिवळा डाग उरला, तांदळाच्या दाण्याएवढा. पांढऱ्याशुभ्र डायलवर तो असा दिसत होता की आंधळ्यालाही दिसावा. पातळ रसायनं लावावीत तर डायलवरचा मुलामा आणि अक्षरं दोन्ही जातील. मी भिंग काढून ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलले. रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. पहिलं मोठं घड्याळ, आणि ते असं हातचं जाणार.

समोर दोरीवर नवऱ्याचे शर्ट वाळत होते. परवाच एकावर वरणाचा डाग होता. धुऊन गेला नव्हता. आणि आता तो शर्ट पांढराफेक वाऱ्यावर हलत होता. हळदीचा डाग साबणाने जात नाही, उन्हाने जातो, हे कोणत्या बाईला माहीत नाही? आणि नागपुरात ऊन काही मागून आणावं लागत नाही.

पण गच्चीवर ठेवली तर डायल तव्यावर ठेवल्यासारखीच. म्हणून मी कुलर लावलेल्या खोलीतच, खिडकीच्या बंद काचेआड जागा केली. काळा कागद घेतला, सुईने डागाएवढंच भोक पाडलं आणि कागद अंतर ठेवून डायलवर असा धरला की बाकी सगळी सावलीत आणि ऊन फक्त डागावर. ऊन सरकायचं तशी मी डबी सरकवायची. जेवण खिडकीशीच झालं. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपार कलता कलता डाग लिंबाच्या सालीसारखा फिकट झाला, मग नुसती शंका उरली, मग तीही गेली. मी दिवा तिरपा करून सगळ्या बाजूंनी पाहिलं. डायल निर्मळ होती. त्या क्षणी मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की वडील असते तर त्यांना बोलावून दाखवलं असतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आता कायले सांगते त्यायले? दिसून तं नाही राहिलं."

"नाही दिसत, म्हणूनच सांगणार," मी म्हटलं. "आपली वस्तू असती तर गोष्ट वेगळी."

कबूल केल्याप्रमाणे व्यापारी सकाळी आले. डायल अजून बसवली नव्हती. मी ती भिंगासह त्यांच्यासमोर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. "हवं तर घेऊन जा, मी वाईट वाटून घेणार नाही," असंही म्हटलं. वाईट तर खूप वाटलं असतं.

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. डायल उजेडाकडे तिरपी करून पाहिली. मग विचारलं, "कोणी लावलं होतं?"

"माझ्या टेबलावर झालं, म्हणजे मीच."

"तिनं नाही, मी लावलं गा भाऊ." सासूबाई दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत. "सूनबाईले बोलू नको. चूक मायी हाय. हिचे सासरे गेल्यापासून मी हळदीकुंकवाले हात लावला नाही. ही लग्न होऊन आली तं उंबरठ्यावर हिले ओवाळलं ते माया जावेनं, मी आतल्या खोलीत होतो. फ्रिज आला, गाडी आली, सारं हीच करते, मी दुरून पाहतो. त्या दिवशी घरी कोणी नव्हतं. इतकं मोठं काम हिच्याकडं चालून आलं, तसंच कसं राहू द्याव? मले राहवलं नाही. पण माया हात नाही लागाले पाहिजे होता. लागला, अन् डाग पडला."

दोन दिवस मी तो डाग भिंगातून पाहत होते, पण इतकी वर्षं हळदीकुंकवापासून लांब राहिलेल्या बोटाचा तो आहे, हे मला दिसलंच नव्हतं. आमच्या घरातलं प्रत्येक हळदीकुंकू माझ्या हातचं होतं. हे एकच त्यांच्या हातचं, आणि ते माझ्या कामाला.

व्यापाऱ्यांनी भिंग खाली ठेवलं. "मावशी, डाग हळदीनं पडते, हातानं नाही पडत," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बसवा ताई. मी इथंच बसतो."

मी बसले. मागचं झाकण उघडून यंत्र बाहेर काढलं, काटे उचलले, कडेचे बारीक स्क्रू सैल करून जुनी डायल काढली आणि त्यांच्या हातात दिली, कारण ती त्यांची. नवीचे पाय भोकांत उतरले ते लोण्यात उतरावेत तसे. तारीख उलटेपर्यंत किल्ली फिरवली आणि उलटल्या क्षणी दोन्ही काटे बारावर बसवले. सासूबाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मी त्यांना सरका म्हटलं नाही.

घड्याळ मनगटावर चढवून ते व्यापारी गेले आणि आठवडा उलटायच्या आत कळमन्यातून दुसरे आले, निळ्या डायलचं घड्याळ घेऊन. ते गेल्यावर मी देवघरातून हळदीकुंकवाची कुयरी आणली आणि सासूबाईंच्या पुढे धरली.

"तूच लाव वं," त्या मागे सरकल्या.

"नाही. माझ्या कामाला तुम्हीच लावायचं. फक्त डायलला नको, टेबलाला लावा."

त्यांनी बोट भिजवलं. टेबलाच्या कडेला हळद लावली, मग कुंकू. मला वाटलं झालं. पण त्यांनी बोट पुन्हा कुंकवात टेकवलं, माझी हनुवटी वर केली आणि माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या कपाळाला कुंकू लावलं.