सहावा दाखला

"मोठ्यानं वाच. मागच्या बाकाले ऐकू येऊन नाही राह्यलं."

गुलाबराव सरांचं हे वाक्य महामाया गवईला वीस वर्षांनंतरही त्याच आवाजात ऐकू येतं. दहावीच्या वर्गात चाचणीचे पेपर वाटले, की ज्याला कमी गुण त्यानं उभं राहून ते स्वतः वाचायचे. महामाया वाचायची, "गणित, नऊ." सर कानामागे पंजा धरायचे. ती पुन्हा वाचायची, "नऊ." वर्ग हसायचा. सर हसायचे नाहीत.

आता महामाया त्याच शाळेत लिपिक आहे आणि गुलाबराव सर मुख्याध्यापक. जानेफळच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेलं हे सरकारी हायस्कूल. फाटकावर फलक: 'दहावीचा निकाल शंभर टक्के, सलग तीन वर्षे.' फलकाचा बाकी रंग उडालाय, फक्त 'तीन' तेवढा ताजा, कारण तो दरवर्षी खरवडून नवा काढतात.

शंभर टक्के कसे होतात, ते ऑफिसात बसणाऱ्याला ठाऊक असतं. जुलैत पहिली चाचणी होते. जी पोरं बुडतील असं वाटतं, त्यांच्या आईबापांना बोलावून सर चहा पाजतात. "पोराच्या डोक्यावरचं ओझं कमी करू. शाळेतून दाखला काढा, सतरा नंबरचा फॉर्म भरा, घरी अभ्यास, बाहेरून परीक्षा." आईबाप हात जोडतात आणि अर्जावर सही करतात. पोराचं नाव हजेरीतून जातं. मार्चमध्ये ते दुसऱ्या गावच्या केंद्रावर पास होवो की नापास, शाळेच्या निकालात ते धरतच नाहीत.

महामायाचंही नाव असंच गेलं होतं. तिच्या बापानं, माणिकरावानं, अर्जावर अंगठा दिला आणि दुसऱ्या दिवशी पिशवीभर मूग घेऊन सरांच्या घरी गेला. "सर, पोरीचं ओझं हलकं केलं तुम्ही." ती दारात उभी राहून ऐकत होती. मार्चमध्ये गणितात एकतीस पडले. चार कमी. पुढं लग्न झाल्यावर नवऱ्यानं, धम्मरत्ननं, रोज सोबत बसून गणितं करून घेतली, तेव्हा तिसऱ्या खेपेला ती दहावी सुटली. मग बारावी, टायपिंग. धम्मरत्न डेंग्यूनं गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपावर ती लिपिक झाली. दोन वर्षांपूर्वी बदली झाली ती नेमकी याच शाळेत. सरांनी तिला ओळखलं नाही. त्यांच्या लेखी ती गवईबाई.

मागच्या जुलैत सरांनी सहा नावं दिली, तेव्हा तिनं खाली मान घालून सहा दाखले लिहिले. सुंदर अक्षरात. त्यातली मयुरी हल्ली स्टँडवर भेटते, डोक्याला रुमाल बांधून निंदायला जाताना. "नमस्ते मॅडम," म्हणते. महामाया घड्याळात पाहते.

यंदा सरांनी पाच नावं दिली.

"गवईबाई, दाखले तयार करा. मी तीन दिवस ट्रेनिंगला चाललो. सह्या करून ठेवतो, अर्ज आले की देऊन टाका."

अर्ज हातात नसताना दाखल्यावर कुणी सही करत नाही. पण तीन वर्षांत एकाही पालकानं नाही म्हटलं नव्हतं. सरांनी पाचही दाखल्यांवर तारीख टाकली, सही केली, शिक्का उमटवला आणि बॅग उचलून गेले.

पहिली आली वच्छलाबाई, निशिगंधाची आई.

"कुठी सही करू मॅडम?"

"आधी कागद काय म्हणते ते ऐका."

"सरनं सांगतलं ना सारं."

"सरनं सांगतलं. कागद वेगळं सांगते." महामायानं वाचलं, "'मी माझ्या मर्जीने माझी मुलगी निशिगंधा हिचा शाळा सोडल्याचा दाखला मागत आहे.'"

"मी कुठी मागून राह्यली? सरच देऊन राह्यले."

"सही केली की तुमीच मागतला."

वच्छलाबाईनं पेन टेबलावर ठेवला. "मंग हजेरीत तिचं नाव?"

"निघालं."

"अन् मी सही नाही केली तं?"

"तं कोणाच्या बापाले काढता येत नाही."

वच्छलाबाईनं फळीवरच्या रजिस्टरांकडे पाहिलं. मग पदर सावरून उठली. "राहू द्या मंग. नापास झाली तं इथंच होईन. साऱ्या गावाले मालूम आहे ती कशी आहे ते."

जाताना ती चक्कीवर थांबली असणार, कारण बाकीच्या चौघांचे पालक सही करायला आलेच नाहीत.

तीन दिवसांनी सर आले.

"एकही अर्ज नाही?"

"नाही सर."

"काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

"कागद वाचून दाखवला."

"बस, इतकंच?"

"मोठ्यानं वाचला."

सरांनी चष्मा काढला. "हे माझं शेवटचं वर्ष आहे, गवईबाई. एकतीस मे ले रिटायर होतो."

"तारीख पाठ आहे, सर." ती उभी राहिली. "मी याच शाळेतली. महामाया माणिकराव इंगळे. तुमी वर्गशिक्षक होते. माह्याही दाखल्यावर तुमची सही आहे."

सरांनी आठवून पाहिलं. मनापासून पाहिलं, हे तिला दिसलं.

"असाल," ते म्हणाले. "लय पोरी गेल्या हाताखालून. आता काही कोणी सही करत नाही. ते पाच दाखले रद्द करून टाका."

"हाव सर."

तिनं दाखल्यांवर लाल शाईनं 'रद्द' लिहिलं आणि कपाटात, खालच्या कप्प्यात, निळ्या फायलीत ठेवले. त्या एका 'असाल'नं तिच्यात काहीतरी घट्ट बसलं. वीस वर्षं ती या माणसाला रोज आठवत होती, आणि त्याच्याकडे ती कुठंच नव्हती. आता तिला एकच गोष्ट हवी होती: या माणसाच्या शेवटच्या वर्षी तो फलक फुटावा. त्यासाठी पाचांतलं एक तरी पोरगं नापास व्हायला हवं होतं. हे तिनं स्वतःपासून लपवलं नाही. सगळ्यांत कच्ची निशिगंधा. तिनं निशिगंधावर नजर ठेवली.

ऑगस्टपासून सरांनी सकाळी सातला त्या पाचांचा जादा तास सुरू केला. शिपाई दयाराम चहा ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, सर तं यंदा पेटले बाप्पा."

"पेटू दे."

तीही सातलाच यायची. ऑफिस आणि वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडून सर विचारायचे, "एसटीत दोन फुल अन् तीन हाफ बसले. कंडक्टरनं सत्तर रुपये घेतले. आता मागून एक फुल अन् एक हाफ चढला, त्याचे तीस. तं हाफ केवढ्याचा? घाबरू नको. तू कंडक्टर आहे, समज." मग खडूचा आवाज. मग निशिगंधाचा हळू आवाज, "सर, दहाचा." "पाह्य. आलं का नाही?"

महामायाच्या समोर रद्दी कागद होता. त्यावर तिनंही सोडवलं होतं. तिचंही उत्तर दहाच. नववीपासून अडलेलं ते समीकरण छत्तिसाव्या वर्षी, भिंतीआडून, पाच मिनिटांत सुटलं होतं.

म्हणजे याला शिकवता येत होतं. तेव्हाही येतच असणार. तिनं तो कागद इतका बारीक फाडला की दयारामला झाडू आणावा लागला.

जानेवारीत निशिगंधा ऑफिसच्या दाराशी आली. "मॅडम, मले जमन का वो गणित?"

"मले काय इचारतं? सरले इचार."

पोरगी गेली. महामायानं मान वर केली नाही.

मे महिन्यात निकाल लागला, दुपारी एक वाजता. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तिनं आधी निशिगंधाचा नंबर टाकला. गणित, छत्तीस.

"मेली पास झाली," तिच्या तोंडून निघालं.

दयाराम दारातून म्हणाला, "काय झालं मॅडम?"

तिनं उरलेले चाळीस नंबर एकेक करून पाहिले. "शंभर टक्के," ती म्हणाली. दयाराम पेढ्यांना पळाला. संध्याकाळपर्यंत पेंटर शिडीवर चढला होता. 'तीन' खरवडून 'चार'.

ती फाटकाशी उभी राहून पाहत होती. चारचा शेपटा वाळेपर्यंत. मग आत गेली आणि कपाटाचा खालचा कप्पा उघडला.

एकतीस मे. शाळेच्या पटांगणात मंडप, दोन कूलर, त्यांपैकी एक नुसताच आवाज करणारा. सरांच्या खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. सर बोलायला उठले आणि पाच पोरांकडे बोट केलं.

"ही लेकरं पाहा. मले लोक म्हणत होते, काढा यायले, निकाल खराब करतील. मी म्हटलं, माझ्या शाळेतून एकही लेकरू बाहेर जाणार नाही. सकाळी सातले येऊन शिकवलं."

टाळ्या. तिसऱ्या रांगेतल्या वच्छलाबाईनं टाळी वाजवली नाही. तिनं मान वळवून महामायाकडे पाहिलं.

"आता कार्यालयातर्फे गवई मॅडम दोन शब्द बोलतील."

महामाया निळी फाईल घेऊन मंचावर चढली. "मले बोलता येत नाही. सरनं या पाच लेकरायसाठी मागच्या जुलैतच एकेक कागद करून ठेवला होता. तो द्याचा राह्यला." तिनं पाचही जणांना वर बोलावलं, प्रत्येकाच्या हातात कागद दिला. सर खुर्चीतून वाकून पाहू लागले. "निशिगंधा, वाच. माईक धर."

निशिगंधा वाचू लागली. बक्षीस समजून हसत होती, ती दुसऱ्या ओळीला थांबली.

"वाच."

"'शाळा सोडल्याचा दाखला. कुमारी निशिगंधा... शाळा सोडल्याची तारीख, सतरा जुलै. शाळा सोडण्याचे कारण, पालकांच्या विनंतीवरून.'" तिनं खालची ओळ पाहिली. "'सही, मुख्याध्यापक.'"

मग वच्छलाबाई उभी राहिली, सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून. "मी नव्हती केली विनंती," ती म्हणाली आणि खाली बसली.

"कागद रद्द झालेले आहेत," सर खुर्चीतूनच म्हणाले. "लाल शाई पाहा ना वरची. ऑफिसचं काम आहे हे."

"हाव सर. हे पाच रद्द आहेत." महामायानं पर्समधून एक झेरॉक्स काढली, घडीवर फाटलेली, चिकटपट्टी लावलेली. "हा सहावा रद्द नाही झाला."

तिनं तो कागद शालीवर, नारळाच्या बाजूला ठेवला. दुसऱ्या हातानं माईक सरांच्या तोंडासमोर धरला.

सरांनी चष्मा लावला. वर्ष पाहिलं. खाली वर्गशिक्षकाच्या जागी असलेली आपली सही पाहिली. मग वर, नावाच्या ओळीवर आले, आणि त्यांचे ओठ हलले.

"महामाया... माणिकराव..."

ती वाकली आणि कानामागे पंजा धरला.

"मोठ्यानं वाचा सर. मागच्या लोकायले ऐकू येऊन नाही राह्यलं."