फरशीची पावती

शांताबाई वारल्याचं तिच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी कॅलेंडरवर तिचे खाडे मोजत होतो. चार झाले होते. आजारपण खरं, की दुसरीकडे जास्त पैशाचं काम लागलं, हा संशय मनात होताच...

आर्वीतल्या आमच्या घरी तिनं अकरा वर्षं भांडी घासली, फरशी पुसली. मी पगारदार माणूस. कर पगारातूनच कापला जातो आणि आकडा मला रुपयापर्यंत पाठ असतो. तिला सरकारकडून दरमहा मदत मिळू लागली, तेव्हा मला ते खुपलं. घरी कूलर, हातात मोबाइल! चौकशी व्हावी म्हणून मी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून ठेवला. बायकोनं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती पावत्यांची पिशवीच घेऊन आली. साबण, पंखा, कूलर... प्रत्येक पावतीवर कराचा आकडा.

"भाऊ, हा टॅक्स कोनं भरला?"

"तुम्हीच."

"मंग? तुमचा पगारातून कापते, माहा साबनातून. अर्ज देऊन राह्यले म्हनते तुमी. पैसे बंद झाले त पोरीची फी कुठून भरू?"

"हे कोणी पढवलं तुम्हाला?"

"पोरगी कॉमर्सले हाय माही. अक्कल काय पगारासंगच भेटते?"

मी मनात हिशेब केला. साबणाच्या वडीवर दोघांचा कर सारखाच. मिळकत माझी आठपट. तेवढ्यात तिनं ओल्या फडक्यानं हॉलची फरशी दाखवली. "आता इची पावती दाखवा."

पावती नव्हती. कर वाचावा म्हणून फरशी मी बिनबिलाची घेतली होती. त्या सौद्याच्या वेळी चहा तिनंच आणून दिला होता.

अर्ज मी दिला नाही. पण फाडलाही नाही आणि तिला तसं सांगितलंही नाही. त्यानंतर दर महिन्याला ती दारातून सांगायची, "भाऊ, पैसे आले." मला तो टोमणा वाटे. आता वाटतं, अर्ज गेला की नाही, ते ती माझ्या चेहऱ्यावर पाहत असावी...

हल्ली फरशी मीच पुसतो. परवा अर्ज फाडला आणि खाडे न कापता तिचा पूर्ण पगार पाकिटात घालून मुलीकडे गेलो. भिंतीवर खिळ्याला तीच पिशवी होती. मुलीनं पाकिटाला हात लावला नाही. आधी विचारलं, "काका, सही कशावर करायची हाय?"