नाउरूची तिकिटे

टपाल तिकिटांच्या चोरीची ती केस इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून जात नाही. त्यात कोणाचा जीव गेला नाही, दार फुटले नाही, दागिना गेला नाही. तरी नोकरीत पाहिलेल्या खून-दरोड्यांपेक्षा हीच केस मला जास्त छळते.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत बसलो होतो, तेवढ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. गावात सगळे त्यांना ‘सर’ म्हणत. ठाण्यातल्या काही शिपायांनाही त्यांनी शिकवलेले, त्यामुळे ते आत येताच दोघेतिघे उठून उभे राहिले. सर म्हणाले, “माझा अल्बम चोरीला गेलाय.”

मला आधी वाटले, लग्नाचा. मग त्यांनी खुलासा केला. पॅसिफिक महासागरात नाउरू नावाचे एक बेट आहे, तोच एक देश. मोटारसायकलवर सहज फेरी मारून यावे एवढासा. सर आयुष्यभर त्या एकाच देशाची तिकिटे जमवत होते. नागपूरच्या प्रदर्शनात मांडायची म्हणून कोरी, न वापरलेली तिकिटे त्यांनी वेगळ्या अल्बमात लावली होती. तोच अल्बम कपाटातून गेला होता. कुलूप शाबूत, घरातली दुसरी वस्तू हललेली नाही.

“संशय कोणावर?” फिर्याद घेताना हा प्रश्न विचारावाच लागतो.

सरांनी वरच्या खोलीतल्या भाडेकरूचे नाव घेतले. तिशीतला गडी, उंद्रीकडचा, बौद्ध कुटुंबातला. सरकारी दवाखान्यात कंत्राटावर रक्त तपासण्याचे काम करायचा. नुकतीच त्याची कायम नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडला होता.

“घरात बाहेरचं माणूस तेवढं एकच,” सर म्हणाले. “आम्ही तसलं काही मानत नाही. मानत असतो तर खोली दिली असती का? पण शेवटी...”

शेवटी काय, ते त्यांनी सांगितले नाही. अर्धे वाक्य फिर्यादीत घेता येत नाही, म्हणून मीही ते घेतले नाही. नाव मात्र घ्यावे लागले. फिर्यादी सांगतो ते जसेच्या तसे उतरवायचे, असा कायदा आहे. गुन्हा नोंद झाला आणि संशयित म्हणून त्या माणसाचे नाव कागदावर चढले.

बसस्थानकापाशी पानठेला लावणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याने खबर आणली की भाडेकरू चपटे पार्सल घेऊन खामगावला गेला होता आणि तिथून ते कुरियरने पाठवले. खबर ऐकून ठाण्यातली मंडळी खूश झाली. सरांचे विद्यार्थी तर जास्तच. मी त्या माणसाला बोलावून घेतले, खुर्ची दिली, चहा मागवला.

“पार्सलमध्ये काय होतं?”

“माह्ये सर्टिफिकेट, साहेब. ज्यायची निवड झाली त्यायनं पाठवाचे होते.”

“आणि सरांचा अल्बम?”

“पाह्यला हाये ना. रविवारी सर बोलवत. हाती भिंग देत अन् म्हनत, दुरून पाय, हात लावू नको.”

कुरियरवाल्याकडे आणि नोकरी देणाऱ्या खात्याकडे आम्ही चौकशी केली. माणूस खरे बोलत होता. माझा अनुभव असा की चोर आपण कुठे होतो हे पुन्हा पुन्हा सांगतो. हा मात्र एकच गोष्ट धरून बसला होता.

“दिवसभर बसवा, साहेब. काय विचाराचं ते विचारा. फक्त माह्या पडताळनीवर काही लिहू नका. घरात पहिलीच सरकारी नोकरी हाये.”

मी त्याला शब्द दिला नाही. देण्यासारखा तो माझ्या हातात नव्हता.

बाहेरचा चोर नाही, मग घरातच पाहावे म्हणून मी महिला हवालदाराला घेऊन पुन्हा सरांकडे गेलो. सरांच्या बायकोने चहा ठेवला. साखरेचा डबा काढून द्यायला हवालदार स्वयंपाकघरात गेल्या, तिथेच थबकल्या आणि त्यांनी मला आत बोलावले. फळीवर वर्तमानपत्र अंथरले होते. त्यावर रंगीत कागदाचे कपचे चिकटले होते, एका कपच्यावर काळ्या पाखराचा अर्धा पंख.

या घरात तिकिटे भिजवण्याची रीत होती. पाकिटावर आलेले तिकीट कोमट पाण्यात सोडायचे, कागदापासून सुटले की वर्तमानपत्रावर वाळत घालायचे. सरांचा हात कापायचा, म्हणून हे काम त्यांच्या बायकोकडे. मात्र डिंक नीट धुतला गेला नाही तर तिकीट वर्तमानपत्राला चिकटते.

मी बाहेर येऊन सरांना विचारले, “शेवटची तिकिटं कधी भिजवली?”

“उन्हाळ्यात. त्यानंतर पाकीटच आलं नाही.”

फळीवरचे वर्तमानपत्र पावसाळ्यातले होते.

आत जाऊन मी काही बोलण्याआधीच बाईंनी पदराने डोळे पुसले. “हाव साहेब, म्या धुतले,” त्या हळूच म्हणाल्या. “पावसानं सारे एकमेकाले चिकटून राह्यले होते. मले वाटलं, मागचा डिंक काढून टाकू, मंग चिकटनार नाही. त्यायनंच तं मले शिकवलं होतं. वाळत घातल्यावर आठवलं, कोऱ्या तिकिटाचा डिंक गेला का तिकीट मेलं, असं ते सांगत. माह्या भाचीनं एकदा ओलं बोट लावलं होतं, तं दोन दिवस जेवले नाही.”

अल्बम त्यांनी ज्वारीच्या कोठीत पुरला होता.

“तो भाडेकरू ठाण्याच्या चकरा मारत होता. तेव्हा काऊन नाही बोलल्या?”

“मले वाटलं, त्यानं केलंच नाही तं त्याले काय होनार?”

बाई लबाड नव्हत्या. ठाण्याची पायरी न चढलेली माणसे असाच विचार करतात. तरीही मला त्यांचा राग आला, आजही येतो. नवऱ्याच्या रागाला भिऊन त्यांनी दुसऱ्याचे अन्न पणाला लावले होते.

सरांनी अल्बम उघडला. सुरकुतलेली, कडा फाटलेली तिकिटे ते भिंगाखाली धरून एकेक पाहत राहिले. बायकोकडे त्यांनी पाहिले नाही. अल्बम मिटून म्हणाले, “तक्रार मागे घेता येईल का? घरचं प्रकरण आहे. हिचं नाव बाहेर यायला नको.”

मी म्हणालो, “आधी वरच्या खोलीत जाऊन त्या माणसाची माफी मागा.”

“तुम्ही संशयित विचारला, मी सांगितला,” सर म्हणाले. “चौकशी तुम्ही केली. मी कशाची माफी मागू?”

ते जिना चढले नाहीत. आठवडा संपायच्या आत भाडेकरूने खोली सोडली.

फिर्याद गैरसमजातून झाली, असा अहवाल मी कोर्टात पाठवला. पोलिसांच्या भाषेत त्याला सी समरी म्हणतात. पण ती मंजूर व्हायला कोर्टाची तारीख लागते, आणि नोकरी देणारे खाते थांबायला तयार नव्हते. पडताळणीत ‘गुन्ह्यात संशयित, समरी प्रलंबित’ एवढेच खरे होते आणि तेवढेच लिहून गेले. सोबत मी स्वतंत्र पत्र जोडले, वरिष्ठांना फोन केले. खात्यातला अधिकारी सभ्यपणे म्हणाला, “साहेब, कशाला धोका घ्यायचा?” प्रतीक्षा यादीतला पुढचा उमेदवार रुजू झाला. समरी मंजूर झाल्याचा कागद आला, तेव्हा तो दाखवायला जागाच उरली नव्हती.

निर्दोष माणूस सुटतो, असे आम्ही नव्या शिपायांना शिकवत आलो. तो सुटतो हे खरेच आहे. पण कुठे सुटतो आणि मागे काय ठेवून सुटतो, हे त्या केसने मला दाखवले. कोणाचे नाव उच्चारायला फिर्यादीला काहीच मोजावे लागत नाही. ज्याला मोजावे लागते, त्याला आम्ही फार तर चहा पाजतो.

निवृत्तीनंतर मेहकरच्या बसस्थानकावर तो मला भेटला. खासगी प्रयोगशाळेत काम करतो म्हणाला, पोरगी शाळेत जाते म्हणाला. मी त्या प्रकरणाबद्दल काहीतरी बोलायला गेलो, तर त्याने मान हलवली.

“तुमी मले हात बी नाही लावला, साहेब. शिवी नाही देल्ली. सर बी कधी वाईट बोलले नाही. काकू तं मले सनाले पुरनपोळी देत. आता राग तरी कोनाचा करू, तुमीच सांगा.”

त्याची गाडी लागली होती. माझ्या उत्तराची वाट न पाहता तो चढला.