बुरुलकानने खोडलेलं नाव

बुरुलकान आमच्याच गल्लीतली. वयाने मोठ्या बाईला आमच्याकडे एजे म्हणतात; तिला म्हणताना माझी जीभ जड होते. पूर्वी ती सामूहिक शेताच्या कचेरीत कागदांवर शिक्के मारायची. शेत बुडालं, मिजास तेवढी उरली. मग मदत वाटणारी एक संस्था आमच्या बातकेन भागात आली आणि हिच्या गळ्यात ओळखपत्र पडलं. ते ती लग्नाला घालून जायची. मयतालाही घालून आलेली मी पाहिली आहे, ओढणीच्या वर, सगळ्यांना दिसेल असं.

सीमेवरच्या गावात गोळीबार झाला तेव्हा तिथल्या कनिशायचं घर जळालं. नवरा रशियात, त्याचा ठावठिकाणा नाही. दोन मुलींना घेऊन ती आमच्या बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत राहायला आली. खाली नुसतं सिमेंट. संस्थेच्या हिवाळी मदतीच्या यादीत नाव लागलं तर कोळसा आणि मुलींना बूट मिळणार होते. नोव्हेंबर लागला होता आणि धाकटी रबरी चपलांत शाळेला जात होती.

बुरुलकान पाहणीला येणार असं कळलं, तशी कनिशाय सकाळीच माझ्या दारात.

"एजे, चार गाद्या देता? आणि खाणं मांडायला दस्तरखान."

"अगं, ती गरिबी बघायला येतेय. गाद्या कशाला?"

"पाहुणीच ना ती. सिमेंटवर बसवू?"

मलाही ते पटलं. मी गाद्या दिल्या, वर जर्दाळूचा मुरांबा आणि मधाची वाटी दिली. शेजारणीने लोणी दिलं. आम्ही सगळ्याच मूर्ख.

बुरुलकान आली, माझ्या लाल गादीवर पसरली, मुरांब्याचा चमचा चाटून पुसून ठेवला. "मध डोंगरातला दिसतोय," म्हणाली आणि तिसरा चहा मागितला. चार दिवसांनी पंचायतीच्या दारावर यादी लागली. कनिशायच्या नावावर रेघ, पुढे लिहिलेलं: गाद्या, मध, लोणी, गरज नाही.

मी बुरुलकानच्या घरी गेले. "गाद्या माझ्या आहेत. लाल गादी तुमच्याच मुलीच्या लग्नात तुम्ही उसनी नेली होती."

"ओळखली मी."

"मग?"

"मी दिसलं ते लिहिलं. गरजवंताने गरजवंतासारखं दिसावं."

"आणि तिथे बसून खाल्लंत ते?"

"नाही म्हटलं असतं तर तिचा अपमान झाला असता. रीत कळते मला."

रीत हिला पोटापुरती कळत होती. मी बसूनच राहिले, उठेना, तेव्हा ती वैतागली. "बरं, परत येते. खोली रिकामी ठेवायला सांग. धाकटीला अनवाणी उभी कर, फोटो चांगला येतो."

कनिशायने ऐकून घेतलं. गाद्या तिनेच माझ्याकडे पोचवल्या. अनवाणीचं मात्र ऐकलं नाही. धाकटीला मोजे घातले, सिमेंटवर कापड अंथरून एक रोटी ठेवली.

बुरुलकान दारात उभी राहून खोलीभर बघत राहिली.

"बसायला काहीच नाही?"

मी तोंड उघडणार, तोच कनिशायने अंगावरची शाल काढली, घडी केली आणि तिच्यासमोर टाकली. बाई बसली. थंडीत कनिशाय नुसत्या झग्यात उभी होती. बुरुलकानने रोटी मोडली, अर्धी खाल्ली, फोटो काढला, मग नाव लिहिलं.

कोळसा आला. बूट आले, दोन्ही मोठ्या मापाचे. मुली त्यात कापूस कोंबून शाळेला जातात. इकडे बुरुलकान बाजारात सांगत सुटली, "डेअरीतल्या त्या बाईला पाहुण्याचं काही वळण नाही. कोरडी रोटी पुढे केली."

ते कनिशायच्या कानावर गेलं. घर जळाल्याचं ती बोलून दाखवते, हे नाही. तेव्हापासून बाजाराला जात नाही. तिचं मीठ-पीठ मीच आणते.

नमाजानंतर मी गल्लीतल्या एकेकीसाठी दुआ मागते. बुरुलकानच्या घरापाशी येते, थांबते, आणि पुढच्या घरी जाते. अल्लाहने मला याचा जाब विचारला, तर काय सांगायचं ते मी ठरवून ठेवलं आहे: ती मला गरजवंतासारखी दिसली नाही.