चार बोटांचा उंचवटा

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी आठला पाऊस थांबला. डॉक्टरांची गाडी फाटकापासून पन्नास पावलांवर रुतली. ते चिखल तुडवत आले. धाकट्या जावेचा ताप एकशे दोन. खडीवाल्यांना निरोप पाठवावा का, ठरलं नाही.

ठरलं नाही, कारण ही डायरी लिहिणाऱ्या बाईंना निरोप पाठवायला तोंडच उरलं नव्हतं.

फाटकापासून घरापर्यंतचा तो लांबलचक खडीचा रस्ता खडीवाल्यांनी बावीस वर्षं राखला होता. ट्रॅक्टरमागे लोखंडी धारेची जाड फळी बांधायची आणि कडेला पांगलेली खडी पुन्हा मध्यावर ओढून आणायची. मग जमिनीला गाल टेकवून, एक डोळा मिटून ते उतार बघत. शेवटी मधोमध बादलीभर पाणी ओतत. ते दोन्हीकडे सारखं वाहिलं की अंगावरची धूळ झटकत म्हणत, "पास झालो." एकदा पाणी एकाच बाजूला पळालं, तर जेवण तसंच ठेवून त्यांनी पुन्हा फळी जोडली होती.

बाईंचं सगळं पट्टीने आखलेलं. पडदे, फुलांचे वाफे, वहीचे समास. यजमान होते तोवर रस्ता तेच बघत. ते गेल्यावर बाई पहिल्यांदा कामावर उभ्या राहिल्या, आणि तो मधला उंचवटा त्यांच्या डोळ्यांत खुपला.

"हे काय, उंटाची पाठ? टेबलासारखा सपाट हवा मला."

"बाई, टेबलावर पाऊस पडत नाही."

पायरीवर बसलेली धाकटी जाऊ फिस्सकन हसली. तेच बाईंना झोंबलं. "दरवर्षी काम निघावं म्हणून मुद्दाम वाकडं करून ठेवता तुम्ही," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं फसवलंत आम्हाला."

खडीवाल्यांनी फळी सोडवली, ट्रॅक्टरवर ठेवली आणि चालते झाले. आठवड्याभरात दुसऱ्या एकाने रस्ता सपाट करून दिला. पुढे पाऊस लागला तसं चाकोऱ्यांत पाणी तुंबलं आणि खडी चिखलात गडप झाली.

डॉक्टर गेल्यावर बाईंनी जुन्या डायऱ्या काढल्या. खडीवाल्यांची एखादी तरी हयगय सापडावी, म्हणजे आपण अगदीच चुकलो नाही असं म्हणता येईल. सापडलं ते त्यांच्याच वळणदार अक्षरात: 'मध्य चार बोटं उंच ठेवला. हे म्हणाले, त्यामुळेच पाणी निघून जातं.' एका वर्षी नव्हे, नऊ वर्षं तेच. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी बाईंचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः खडीवाल्यांच्या घरी गेल्या. दारात त्यांची बायको होती.

"या. जरा जपून हं, आमच्या पायऱ्याही वाकड्याच आहेत."

बाईंनी मान खाली घातली. खडीवाले बाहेर आले, तेव्हा त्या कशाबशा म्हणाल्या, "चुकलं माझं."

"इथे कशाला सांगता, बाई? इथे मला कुणी लबाड म्हटलं नव्हतं."

तरी दुपारी ते आले. फळी फिरली, मध्य उचलला गेला. बादली ओतली, पाणी दोन्हीकडे गेलं. त्यांनी अंगावरची धूळ झटकली, पण 'पास झालो' म्हणाले नाहीत.

बाई आत गेल्या आणि शाल पांघरलेल्या धाकटीला हाताला धरून पायरीवर घेऊन आल्या.

"ऐक. यांनी आपल्याला कधी फसवलं नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि तू हसलीस म्हणून मी वाटेल तो आरोप केला." मग त्या खडीवाल्यांकडे वळल्या. "खोटा होता तो."

धाकटीने पायरीवर सरकून जागा केली. "अहो ताई, बसा आधी."

खडीवाल्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मग ते रस्त्याच्या कडेला जाऊन वाकले.

"कडेची चर बुजलीय," ते म्हणाले. "मोकळी नाही केली तर पाणी परत आत येईल. फावडं आहे का घरात?"

बाई घाईने मागच्या खोलीकडे वळल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी लिहिलं: १५ ऑक्टोबर, बुधवार. फावड्याचा दांडा सैल झाला आहे. पाचर मारून घ्यावी.