दाबलेला निरोप

हिवाळ्याच्या सुट्टीत कोरियातल्या हेपो बंदराच्या मुलींच्या शाळेत धग असलेल्या दोनच गोष्टी उरत: शिक्षकखोलीतला रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याला चिकटून बसलेली मोइरा. वर्ग बंद, घंटा मुकी, नळ गोठलेले. तरी परदेशी शिक्षकानं सुट्टीतसुद्धा रोज खुर्चीत हजर राहायचं असं करारात होतं, म्हणून ती हजर. स्टोव्हवर किटली, किटलीच्या झाकणावर गरम करायला ठेवलेली संत्री, आणि खिडकीबाहेर दांड्यांवर टांगलेले मासे, बर्फ खाऊन लाकडासारखे झालेले.

"रिकाम्या शाळेत दिवसभर करतेस तरी काय गं पोरी?" मासळीबाजारातल्या म्हाताऱ्या विचारत.

"खुर्ची उबवते, आजी. बघू काय निघतंय त्यातून," मोइरा म्हणे, आणि म्हाताऱ्या ओल्या हातांनी मांड्या बडवत हसत.

कोरियन ती पुस्तकापेक्षा या म्हाताऱ्यांकडूनच जास्त शिकली होती. त्यामुळे व्याकरण पुस्तकाचं असलं तरी तोंड बाजाराचं होतं. न्यूझीलंडच्या मेंढपाळाची ही मुलगी, हाडापेरानं मजबूत, लाल गालांची, आता चौतिशीची. हेपोतला हा तिचा चौथा हिवाळा. फरशीखालून तापणाऱ्या खोलीत झोपायची आणि मालकिणीबरोबर कोबीला तिखट चोळायची तिला सवय झाली होती, भाताशिवाय जेवण जेवण वाटेनासं झालं होतं. मेंढपाळाची मुलगी तिथं रुळली, असं तिच्या भावानं एकदा कौतुकानं लिहिलंही होतं.

पण या खेपेला ती रुळली म्हणून परत आली नव्हती. डूख धरून आली होती.

डूख होता प्यो सरांवर. प्यो दोक-ग्यू, शाळेचे उपमुख्याध्यापक. शिडशिडीत, इस्त्रीचे, बोलायला मऊ. मागच्या जानेवारीत सुट्टीतलं इंग्रजी शिबिर चालू होतं आणि समारोपाला जिल्ह्याचे मोठे शिक्षणाधिकारी यायचे होते. मुली गाणी बसवत होत्या, मोइरा पेटी वाजवत होती. तेव्हा तिच्या भावाचा शाळेत फोन आला. तिच्या खोलीत फोन नव्हता, आणि मोबाईल त्या काळी हेपोत एखाद्या बोटमालकाकडेच. फोन घेतला प्यो सरांनी. बाप अत्यवस्थ आहे, तुझं नाव घेतोय, लगेच नीघ, असा निरोप होता.

प्यो सरांनी तो निरोप खिशात घातला. शिबिर संपलं, साहेब आले, गाणी झाली, टाळ्या झाल्या, साहेबांची गाडी वळणाआड गेली. मग त्यांनी मोइराला आपल्या खोलीत बोलावलं, सुक्या पर्सिमन फळांचा गोड काढा तिच्यापुढे ठेवला आणि सांगितलं. बाप तोवर गेला होता. मोइरा पोचली ती ताज्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी.

"वाईट बातमी हातातलं काम संपल्यावर द्यावी," प्यो सर म्हणाले होते. "आमच्यात असंच करतात. तुमचं मन लागलं नसतं, मुली बिथरल्या असत्या." वर स्वतः बॅग उचलून विमानतळाच्या बसपर्यंत सोडायला आले. डोळेही पुसले. माणसानं गळा कापावा आणि वर हळदही लावावी, असला तो प्रकार.

आमच्यात असं करतात म्हणे! मोइरानं नंतर बाजारातल्या म्हातारीला विचारलं होतं. म्हातारी थुंकली होती. "बाप मरत असताना? असं कुत्रंसुद्धा करत नाही."

भाऊ म्हणाला, कशाला परत जातेस त्या माणसाच्या हाताखाली? मोइरानं नोकरीचं कारण दिलं. खरं कारण हे, की सूड काही पोस्टानं पाठवता येत नाही. त्यासाठी समोर बसावं लागतं. म्हणून ती करारावर सही करून समोर येऊन बसली. वर्षभर बसली. प्यो सर "कशा आहात मोइराबाई?" म्हणत, ती "आपल्या कृपेनं" म्हणे. हातात काही लागत नव्हतं.

आणि मग लागलं.

सुट्टीत रोज एका शिक्षिकेची शाळेत दिवसपाळी असे. त्या दिवशी पाळी होती शिवणकामाच्या बाँग ओक-जा बाईंची. ओक-जा बाई आल्या, सही ठोकली, स्टोव्हपाशी हात शेकले आणि स्वेटरची बटणं पुन्हा लावू लागल्या.

"मोइरा, तू तर बसलेलीच आहेस. मी जरा घरी जाऊन येते गं. सासू मंडू करायला बसलीय, मी नसले तर सगळं पीठ माझ्या नावानं मळेल."

"जा. पण माझ्यासाठी आण."

"आणते की. फोन आला तर घे."

फोन आलाच. प्यो सरांच्या बायकोचा होता. आवाज बसलेला. प्यो सरांची आई पहाटे गेली होती. गावच्या इस्पितळाच्या दुखवट्याच्या दालनात तिला ठेवलंय, परवा सकाळी माती. "शाळेत कळवा," ती म्हणाली. "साखळी सुरू करा."

साखळी हा प्यो सरांचाच शोध. सुट्टीत शाळेवरून पहिला फोन मुख्याध्यापकांना जायचा, त्यांनी दुसऱ्याला करायचा, दुसऱ्यानं तिसऱ्याला, असा शेवटच्या शिपायापर्यंत. मधेच उडी मारून कुणी कुणाला कळवायचं नाही. एकदा कुणीतरी मारली तर प्यो सरांनी सगळ्या स्टाफसमोर त्याला झापलं होतं. म्हणजे पहिली कडी हलली नाही तर बाकीच्या सगळ्या जागच्या जागी.

"कळवते," मोइरा म्हणाली आणि रिसीव्हर ठेवला.

तिनं एक संत्रं सोललं. ते गरम होतं. खाल्लं. मग दुसरं.

हेपोत मयताच्या घरी किती माणसं आली यावरून मेलेला कसा जगला हे ठरतं. आणि प्यो सरांना तर गणगोतच नव्हतं. त्यांची आई लढाईत उत्तर कोरियातून पाठीवर हे एकच मूल बांधून बोटीनं आलेली. भाऊबंद, माहेर, सासर, सगळं तारेच्या कुंपणापलीकडं राहिलं. सर बदलून आले ते डोंगरापलीकडून, आणि खिंड बर्फानं बंद होती. म्हातारीच्या फोटोपुढे वाकायला येणार कोण? शाळेची माणसं. तीही आली नाहीत तर कुणीच नाही. बरं, स्वतः फोन करून माणसं गोळा करावीत तर तेही नाही. इथं आईबाप गेलेला मुलगा स्वतःला पापी म्हणवतो, पाप्यानं आपल्या तोंडानं कुणाला बोलवायचं नसतं. प्यो सरांसारखा काटेकोर माणूस तर मुळीच बोलावणार नाही.

मोइराला हे सगळं ठाऊक होतं. त्या म्हातारीनं आपलं काय वाकडं केलं होतं, हा विचारही तिच्या मनात आला. आला आणि दारातूनच परत गेला. माझ्या बापानं तरी त्यांचं काय वाकडं केलं होतं?

ओक-जा बाई सारण भरून उकडलेले वाफाळते मंडू घेऊन परतल्या. "कुणाचा फोन?"

"कुणाचा नाही," मोइरा म्हणाली.

त्या रात्री ती वर्षात पहिल्यांदा गाढ झोपली.

दुसऱ्या दिवशीही ती खुर्चीवर बसली, पण खुर्ची टोचायला लागली. पश्चात्ताप वगैरे नाही, गैरसमज नको. तिला बघायचं होतं. ज्याला मारलं त्याचं तोंड बघितलं नाही तर मारण्यात काय गोडी? दुपारी तिनं काळा कोट घातला आणि बर्फ तुडवत इस्पितळाकडं निघाली.

दालन तळघरात होतं. दाराबाहेर फुलांचं एक चक्र नाही. आत लांब बैठी मेजं मांडलेली, त्यावर पांढरा कागद, कागदावर उलट्या घातलेल्या वाट्या. कोपऱ्यात तिखट लाल रश्श्याचं एवढं मोठं पातेलं रटरटत होतं आणि प्यो सरांची बायको पळी हातात धरून नुसती उभी होती. शेजारची दोन म्हातारी माणसं भिंतीला टेकून पेंगत होती. फोटोत म्हातारी कपाळाला आठ्या घालून बघत होती. फोटोशेजारी प्यो सर, दाढी वाढलेली, दंडाला दुखवट्याची तागाच्या कापडाची पट्टी.

मोइरानं बूट काढले. रीतीप्रमाणं फोटोपुढं दोनदा डोकं टेकलं. मग प्यो सरांकडं वळली. दोघं एकमेकांपुढं वाकले.

वाक्य तिनं वाटेतच जुळवून ठेवलं होतं. ती म्हणाली, "सर, फोन मी घेतला होता. कुणालाच सांगितलं नाही."

आता त्याच्या पायाखालची फरशी सरकेल, तोंड पांढरं पडेल, असं तिला वाटलं होतं.

प्यो सर म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"बायको म्हणाली, फोनवर परदेशी बाई होती. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तेव्हाच कळलं. आज सकाळी ती पुन्हा फोन करायला उठली, मीच हाताला धरून बसवलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "तुमच्या वडिलांना मुलगी दिसली नाही. माझ्या आईला माणसं दिसली नाहीत. बरोबर झालं, मोइराबाई. वर्षभर मला झोप नव्हती. आता बरं वाटतंय."

आणि खरंच बरं वाटत होतं त्याला! तोंडावर दिसत होतं. न्हाऊन आलेल्या माणसासारखा तो मोकळा दिसत होता. मोइराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर पोसलेला सूड, आणि या माणसानं तो आयता उचलून स्वतःला शिक्षा म्हणून लावून घेतला! आई बिचारी एकटी जाणार, आणि हा तिच्या एकटेपणावर आपलं पाप धुऊन पुन्हा इस्त्रीचा होऊन शाळेत येणार, पुन्हा "कशा आहात मोइराबाई" म्हणणार. नाही बाबा. इतकं सोपं नाही.

ती उठली आणि दाराजवळच्या फोनपाशी गेली.

"काय करताय?" प्यो सर मागून म्हणाले.

"साखळी."

"नको. मोइराबाई, राहू द्या. उद्या सकाळी माती आहे, झालं ते झालं."

"तुमचं झालं असेल."

मुख्याध्यापकांनी फोन उचलला. तिनं नाव सांगितलं. "हॅलो? मोइराबाई? काय झालं?"

"प्यो सरांची आई गेली. काल पहाटे. इस्पितळात आहे."

"काल? अहो, मग मला आत्ता सांगताय?"

"निरोप माझ्याकडं होता. मी दाबून ठेवला."

मग मुख्याध्यापक म्हणाले, "तुमचं मी नंतर बघतो," आणि फोन आपटला. बघा की, मोइरा मनात म्हणाली.

प्यो सर उठून तिच्यापाशी आले होते. पहिल्यांदाच त्यांचा आवाज फुटला. "मी तुमच्या पाया पडतो. मला हे एवढं तरी भोगू द्या."

"नाही देणार," मोइरा म्हणाली.

अंधार पडायच्या आत पहिली टॅक्सी आली. मग दुसरी. मग मच्छिमार सोसायटीची एक व्हॅन भरून. बूट दारात मावेनात. मुख्याध्यापक आले, विज्ञानाचे सर आले, शिपाई आला, ग्रंथालयाच्या बाई पोटुशी असून आल्या, चार मुली आपल्या आयांना घेऊन आल्या. उलट्या वाट्या सुलट्या झाल्या. प्यो सरांची बायको पळी चालवता चालवता रडायला लागली, आणि एक कोणी बाई तिच्या हातून पळी काढून घेऊन म्हणाली, "अगं, बस तू. कालपासून एकटीच आहेस ना."

ओक-जा बाईंनी मोइराला भिंतीशी गाठलं. "कुणाचा नाही, काय गं? मंडू खाल्लेस माझे आणि माझ्याच पाळीवर हे! माझी नोकरी घालवणार होतीस सटवे."

"तुझं नाव घेतलं नाही मी."

"म्हणून तर मारत नाहीये तुला," ओक-जा बाई म्हणाल्या, आणि फणकाऱ्यानं जाऊन भांडी विसळायला बसल्या.

प्यो सर वाकत होते. एक माणूस आत आला की गुडघे टेकायचे, कपाळ जमिनीला लावायचं, उठायचं. "उशीर झाला, माफ करा," प्रत्येक जण म्हणे. "आपण आलात, उपकार झाले," प्यो सरांना प्रत्येकाला म्हणावं लागे. चांगल्या माणसांच्या प्रेमाखाली ते दर वाकण्यागणिक आणखी खाली जात होते. मघाचा तो न्हालेला मोकळेपणा चेहऱ्यावरून पार पुसला गेला होता, आणि खाली मान घालून ते रडत होते, ते काही फक्त आईसाठी नव्हतं.

मध्येच त्यांनी मान वर करून मोइराकडं पाहिलं. पुरे, असं त्या डोळ्यांत होतं. दारात आणखी तिघं बूट काढत होते.

मोइरा भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती, त्यांचं तोंड नीट दिसेल अशा जागी. तिनं आपली रिकामी वाटी पुढं केली.

"वहिनी," ती प्यो सरांच्या बायकोला म्हणाली, "रस्सा अजून थोडा वाढा."